शमीवरचं गाठोडं

व्यंकटमास्तरांवर लिहू नकोस, असं आमच्या चळवळीतल्याच दोघांनी मला बजावलं आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे. मास्तर तुरुंगात गेले नाहीत, त्यांनी झेंडा हातात धरला नाही, एकाही पत्रकावर त्यांची सही नाही. निजामाचं राज्य गेलं तेव्हा सगळं नांदेड रस्त्यावर उतरलं होतं आणि मास्तर नांदेडात नव्हतेसुद्धा. अशा माणसाची आठवण कशाला काढायची?

मी काढणार आहे. ज्यांच्याशी आपलं पटलं त्यांच्यावरच लिहायचं म्हटलं तर लेखणी लवकरच कोरडी पडेल. व्यंकटमास्तरांशी माझं कधीच पूर्ण पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या राज्यात माणसाला कसं जगावं लागे असं कुणी विचारलं, तर लाठीमाराच्या आधी मी त्यांच्या एका चित्राची हकीगत सांगतो.

आम्ही दोघं नांदेडच्या एकाच शाळेत होतो. ते चित्रकला शिकवत, मी मराठी. शाळा लोकांनी वर्गणीवर चालवलेली, कापसाच्या एका रिकाम्या गोदामात भरणारी. सरकारी शाळांत सगळं शिक्षण उर्दूतून, आमच्याकडे मराठीतून. एवढ्यानंच सरकारचा आमच्यावर डोळा असे. शाळेचे सेक्रेटरी अनंतराव वकील होते. भला माणूस, पण कचेरीतून शिपाई आला की त्यांचं उपरणं आपोआप खांद्यावरून घसरे.

मास्तर मूळचे शिरूर अनंतपाळकडचे. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर काळी टोपी, नखांत कायमची काव. रंग ते घरीच करत आणि जवसाच्या तेलात खलत. त्यामुळे ते वर्गात आले की जवसाच्या चटणीचा वास सुटे आणि मधल्या सुट्टीच्या आधीच पोरांना भूक लागे. "मास्तर, भाकरी आणली का?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास ओरडे. मास्तर रागावत नसत. "आणलीय, पण ती काढून दाखवणाऱ्यालाच मिळंल," म्हणत आणि खरंच पोरांना भाकरी काढायला लावत. गोल काढली की नापास. "कुणाच्या आईची भाकरी परकारानं काढल्यावानी गोल असती रं? कड बघितली का कधी?"

'लाल' असा रंग त्यांच्या लेखी नव्हता. कुंकवाचा, विटेचा, वाळल्या मिरचीचा, रडलेल्या डोळ्याचा असे निरनिराळे लाल होते. कुणी नुसतं लाल म्हटलं की ते विचारत, "कुनाचा?" एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला पाण्याची घागर काढायला लावली. महिनाभर पोरं घागर काढत होती. शेवटी एकानं अगदी हुबेहूब काढली तेव्हा मास्तर म्हणाले, "झकास. आता हिची पाठ काढ." पोरगं उठून घागरीच्या पलीकडे जाऊन बसायला लागलं. "तिकडं जाऊ नको. हितं बसूनच काढ. जे दिसत न्हाई ते काढायला मास्तर लागतो. दिसतं ते काढायला माझी गरज काय?"

ह्या पाठीच्या वेडापायी त्यांनी एका गणेशोत्सवात गोंधळ करून ठेवला होता. मंडपाच्या मागच्या पडद्यावर गणपती रंगवून द्या, असं वकिलांनी सांगितलं. मास्तरांनी पाठमोरा गणपती काढला. मोठाली पाठ, तिच्यावर जानवं, दोन्हीकडे कानांच्या कडा. वकील मंडपात आले आणि जागीच खाली बसले. गणपतीच्या पाठीशी दारिद्र्य असतं, ती बघू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मास्तर, अहो वर्गणी कोण देईल आता?"

"तोंड काढायचं तर बघितलेलं असाया पाहिजे, वकीलसाहेब. मी काय त्याला बघितलंय?"

"आणि पाठ बघितलीय वाटतं?"

"पाठ समद्यांची सारखीच असती की."

पडदा रातोरात धुऊन निघाला. मी तेव्हा शाळेत नवा होतो. रूढीवर आघात केला म्हणून मी मास्तरांचं अभिनंदन करायला गेलो, तर ते पडद्यासाठी वापरलेल्या काजळाचं डबडं पुसत बसले होते. "आघात कसला, पत्रकवाले? काजळ वाया गेलं," म्हणाले. माझ्या पिशवीत कायम पत्रकं असत म्हणून त्यांनी माझं हे नाव ठेवलं होतं. शेवटपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

आता चित्राबद्दल. गोदामाच्या शेवटच्या भिंतीवर लाकडी चौकटीत ताणलेला मांजरपाट होता आणि त्यावर मास्तर मी येण्याच्या आधीपासून एकच चित्र रंगवत होते. चित्र असं होतं. राखेच्या रंगाची नदी. गोदावरीच म्हणा, कारण लांबवर घाटाच्या पायऱ्या होत्या. पण त्या पायऱ्या पाण्यात उतरत नव्हत्या. पाण्यातून निघून आभाळात कुठंतरी संपत होत्या. नदीच्या मधोमध शमीचं झाड. पाण्याखाली त्याची मुळं दिसत आणि मुळांत चंद्र अडकलेला. एका फांदीला पांढऱ्या कापडाचं लांबट गाठोडं, गाठी मारून बांधलेलं. काठावर पाच पांढरे दगड, माणसं बसावीत तसे, सगळे झाडाकडे तोंड करून. एक गाय पाण्याला तोंड लावून उभी, पण पाण्यात तिचं प्रतिबिंब नाही. आणि काठापासून झाडापर्यंत, थेट पाण्यावरून, इवल्या पावलांचे कुंकवाच्या रंगाचे ठसे. ते जात होते. परत येणारा एकही ठसा नव्हता.

त्या चित्रासमोर उभं राहिलं की दुपारच्या झोपेतून अर्धवट जाग यावी तसं व्हायचं. सगळं ओळखीचं आणि काहीच जागेवर नाही.

शमी म्हटल्यावर कथा कुणाला सांगायला नको. अज्ञातवासात शिरण्याआधी पांडवांनी आपली शस्त्रं एका गाठोड्यात बांधून शमीवर लपवली. कुणी जवळ जाऊ नये म्हणून गुराख्यांना सांगितलं, की ही आमची म्हातारी आई आहे, मेलेल्या माणसाला झाडावर बांधायची आमच्या कुळाची रीत आहे. मग शस्त्रं तिथं सुरक्षित राहिली आणि वेळ आली तेव्हा खाली निघाली.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. त्या दिवशी गावातले लोक, पालक, कुणीही चित्र बघायला यायचे. मास्तर बाजूला पाटावर बसून रंग खलत. अर्थ कुणालाच सांगत नसत, उलट बघणाऱ्यालाच विचारत, "डोळा पहिल्यांदा कुठं गेला? मंग कुठं गेला? आन् कुठं जायला भ्याला?" तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक हसत. मास्तर हसत नसत.

वकिलांनी सांगितलं, की पाच दगड म्हणजे पंचेंद्रियं, नदी म्हणजे संसार आणि गाठोडं म्हणजे देहाच्या गाठींत अडकलेला आत्मा. मास्तर म्हणाले, "आसंल."

मी म्हणालो, पाच दगड म्हणजे भीतीनं दगड झालेली आपली माणसं. स्वतःचं रूप न दिसणारी गाय म्हणजे रयत. चंद्र म्हणजे गाडलेलं स्वातंत्र्य. परत न येणारी पावलं म्हणजे बलिदानाची वाट, तिच्यावरून मागं फिरता येत नाही. आणि गाठोड्यात काय आहे हे तर लहान मूलही सांगेल. मी बराच वेळ बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "आसंल बाबा."

अर्धापूरहून केळीची गाडी घेऊन आलेला एक पालक मात्र बराच वेळ गायीकडे बघत राहिला. "गाय कुणाची हाय ही? गळ्यात दावं न्हाई हिच्या." मास्तर एकदम पाटावरून उठले. "हां! कुणाची आसंल?" तो म्हणाला, "मालक मेला आसंल." मास्तरांनी त्याला चहा पाजला. मला जवळजवळ एक वर्ष पाजला नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक काढायला परवानगी मिळाली नाही. गावाबाहेरच्या शमीपर्यंत जायचं तर वेशीवर शिपाई. दसऱ्याच्या दिवशी शमीचं दर्शन नाही, हे नांदेडच्या जुन्या माणसांना सोसवेना. कुणाला सुचलं कोण जाणे, पण संध्याकाळी दिवस मावळायच्या आत लोक एकेक करत शाळेत यायला लागले. आपट्याची पानं आणली, कुंकू आणलं, निरांजनं आणली. शमी गावाबाहेर असेल तर असो, एक शमी शाळेच्या भिंतीवर आहे की! बघता बघता गोदाम भरलं. बायकांनी चित्रातल्या झाडाच्या बुंध्याला कुंकू लावलं, पुरुषांनी खाली सोन्याची रास केली. कुणी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. मला भाषण करायचं होतं, पण त्या शांततेत माझाही आवाज निघाला नाही. सरकारनं वेस बंद केली तर लोक देव रंगातून काढतात, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मला त्याचा आजही अभिमान आहे.

मास्तर मात्र कासावीस झाले होते. "ओ बाई, बोट नका लावू. अवो, रंग वला हाय! वला हाय रंग!" एक आजीबाई त्यांना म्हणाली, "देवाला वलं-वाळलं काय असतं रे?" आणि तिनं नदीवर अक्षता टाकल्या. त्या जवसाच्या तेलात चिकटून बसल्या. मास्तर नंतर चार दिवस सुईच्या टोकानं एकेक तांदूळ उपसत होते.

पुढच्याच आठवड्यात अमीनसाहेब आले. पोलिसांचा गावातला मोठा अंमलदार म्हणजे अमीन. हा माणूस शिकलेला, आवाज न चढवता बोलणारा. बरोबर त्याचा पेशकार, म्हणजे कचेरीतला कारकून, नरहरराव, आमच्याच गावचा, कपाळाला गंध लावणारा. दारात वकील हात जोडून उभे होते. अमीनसाहेब चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी छडी गाठोड्याकडे केली.

"मास्टरसाब, इस गठडी में क्या है?"

मास्तरांनी रंगाचा हात धोतराला पुसला. "माँ है, साब."

अमीनसाहेबांच्या कपाळावरची आठी क्षणभर गेली. ते काही बोलणार तेवढ्यात नरहरराव पुढे झाला. "हुजूर, यहीच तो बोले थे पांडव लोगां! गठडी में हमारी माँ है, बोल के हथियारां छुपाए थे!"

गोदामात दाबलेलं हसू पसरलं. आम्हा तरुणांना मास्तर एकदम आवडून गेले. काय उत्तर दिलं! अमिनाच्या तोंडावर पांडवांचंच वाक्य फेकलं! मी त्यांच्याकडे पाहिलं तर मास्तरांचा चेहरा उतरला होता. ते नरहररावाकडे बघत होते. गर्दीत कुणी खिसा कापावा आणि ओळखीच्या माणसाच्या हातात आपलं पाकीट दिसावं, तसं बघत होते.

"अच्छा," अमीनसाहेब म्हणाले. "माँ है तो दिखाव."

हुकूम असा झाला. हिवाळ्यात शिक्षणखात्याचे साहेब शाळेच्या मंजुरीसाठी यायचे होते. तोवर गाठोडं उघडं करून आत जे असेल ते चित्रात स्पष्ट दाखवायचं. आई असेल तर आईचं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर चित्र सरकारजमा, शाळेची मंजुरी बंद आणि चित्रकारावर खटला.

संध्याकाळी मी मास्तरांना गाठलं. ते विष्णुपुरीच्या वाटेला नदीकाठी बसले होते. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "मास्तर, तुम्ही आज कमाल केलीत. मी ह्यावर लिहिणार आहे."

"काय लिवणार?"

"की तुम्ही सत्तेला तिच्या तोंडावर फसवलंत."

मास्तर हात सोडवून घेत म्हणाले, "पत्रकवाले, मी खरं सांगितलं वो. गाठोड्यात माजी आई हाय."

मला वाटलं, आता माझ्याशीही खेळतायत. पण ते खेळत नव्हते. त्यांच्या लहानपणी गावात प्लेग आला. सगळं गाव रानात कडब्याच्या कोपी करून राहिलं. ते चार-पाच वर्षांचे. एका सकाळी आई उठली नाही. तिला पांढऱ्या धोतरात बांधलं, गाठी मारल्या आणि बांबूला लावून नेलं. पोराला कुणी जवळ जाऊ दिलं नाही, तोंडही दाखवलं नाही. वेळा अमावस्येला आमच्याकडे रानात पूजेसाठी कडब्याची कोप घालतात, ती नुकतीच मोडलेली. तिच्यात पांडव म्हणून पुजलेले, चुना लावलेले पाच दगड तिथंच बांधावर होते. त्यांच्यामागं बसून पोरानं ते गाठोडं जाताना पाहिलं. पुढं कुणीतरी पांडवांची आणि शमीची कथा सांगितली तेव्हा पोराला वाटलं, आपल्या आईचीच गोष्ट सांगतायत.

"तवापासनं ती तितंच हाय," मास्तर म्हणाले. "झाडावर."

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. अमिनाला सांगितलं. तुमच्या देखत."

मी म्हणालो, की चित्र आता एकट्या तुमचं राहिलेलं नाही. दसऱ्याला ज्यांनी त्याला कुंकू लावलं त्यांचंही ते आहे. त्यांना त्या गाठोड्यात शस्त्रं दिसली असतील तर शस्त्रं आहेत. मास्तरांनी एक खडा पाण्यात टाकला.

"तुमचं गाठोडं तुमी बांधा ना, बाबा. रान मोकळं हाय, झाडं मायंदाळ हायती. माज्यात कशाला हात घालताय?"

हे मला तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. गुलामगिरीत कुणाचंही चित्र त्याच्या एकट्याचं राहू शकत नाही. पण एक गोष्ट मात्र त्या नदीकाठी माझ्या मनात कोरली गेली. ज्या राज्यात पोरक्या माणसानं आईचं नाव घेतलं तरी सरकारला तलवारीचा खणखणाट ऐकू येतो, ते राज्य टिकायच्या लायकीचं नाही.

वकिलांनी सोपा तोडगा काढला. "मास्तर, दोन गाठी सोडा आणि कुणाही म्हातारीचं तोंड काढा. पांढरे केस, मिटलेले डोळे, झालं! साहेबाला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

"अहो, शाळेतल्या पोरांचा विचार करा."

ते मास्तरांना लागलं. ते रात्रंदिवस पोरांत असणारे. मग त्यांनी हट्ट सोडला, पण खोटं तोंड काढायला नव्हे. "खरं तोंड काढतो," म्हणाले. "पर मला ते आठवत न्हाई. गावाकडं कुणाला तरी आठवत आसंल." अमिनाचा हुकूम मोडायचा नाही, आणि चित्राशी खोटंही वागायचं नाही, असा मार्ग त्यांनी शोधला होता. सारं त्या एका चेहऱ्यावर येऊन ठेपलं होतं.

वेळा अमावस्येला आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. रेल्वेतून उतरून पुढं बैलगाडी. रानोरान कोपी उभ्या होत्या, आत चुन्याचे पांडव, पुढं मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन गडीमाणसं पिकातून शिंपत हिंडत होती. मास्तरांच्या भावकीतल्या काशीबाई आणि शेजारच्या सुंदराबाई अशा दोन म्हाताऱ्या कोपीच्या सावलीत बसल्या होत्या. मास्तर त्यांच्यापुढं कागद-पेन्सिल घेऊन बसले.

"मावशे, माजी आई दिसायला कशी व्हती?"

"गोरी व्हती बग," काशीबाई म्हणाल्या. "केतकीवानी."

"गोरी?" सुंदराबाईंनी कपाळावर हात मारला. "काशे, डोळं गेलं का तुजं? माज्यापरास काळी व्हती ती."

"तू कवा गोरी व्हतीस गं, म्हणून तुज्यापरास?"

"नाक कसं व्हतं?" मास्तरांनी विचारलं.

"नाक सरळ."

"सरळ कुटलं, जरा बसकं. आन् हनुवटीवर गोंदण."

"ते गोंदण तुज्या सासूच्या हनुवटीवर!"

मास्तर काढत होते, खोडत होते. कागद काळा झाला. शेवटी काशीबाईंचा आवाज मऊ झाला. "लेकरा, तोंड न्हाई रं आठवत. तिनं केलेली आंबील मातर आठवती. जिरं भाजून घालायची. तशी आंबील पुन्यांदा न्हाई पिलो आमी." सुंदराबाईंनीही मान हलवली. तेवढ्या एका गोष्टीवर दोघींचं जमलं.

मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दोघींच्या पाया पडले. परतीच्या वाटेवर गाडीत ते एवढंच म्हणाले, "आंबिलीचं तोंड कसं काढू?"

ठरल्या दिवशी अमीनसाहेब खात्याच्या साहेबांच्या आधीच आले. पेशकार होताच. मास्तरांनी रंग खलून ठेवले होते, कुंचले धुऊन मांडले होते. वकिलांना वाटलं, काम झालं. मास्तर गाठोड्यासमोर उभे राहिले आणि वळून म्हणाले, "साब, तोंड मिला नहीं. झूठा मैं निकालूंगा नहीं."

वकील कुजबुजले, "मास्तर, अहो..."

अमीनसाहेब चित्राच्या जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. शुक्रवारी येणाऱ्या माणसांसारखे बघत होते. त्यांचा डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना मला दिसत होता. मग त्यांनी छडीनं नव्हे, बोटानं पाण्यावरचे ठसे दाखवले. "ये किसके पाँव हैं? जाते हैं, आते नहीं."

"बच्चे के हैं, साब."

"वापस क्यूँ नहीं आया?"

"आया ना. कोई तो कमर पे उठा के ले आया. इसलिये निशान नहीं."

मी बलिदानाच्या वाटेवर एवढं बोललो होतो. पोराला कुणीतरी कडेवर उचलून आणलं होतं, एवढंच होतं ते.

अमीनसाहेबांनी टोपी काढून परत घातली. नरहरराव काहीतरी बोलायला गेला. त्यांनी हातानं त्याला थांबवलं. पण पुढं ते जे म्हणाले त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. "मास्टरसाब, मैं समझ गया. मगर हुकूम हुकूम है." समजूनही हुकूम बजावणारा माणूस न समजणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदार असतो, असं माझं मत आहे. मास्तरांचं तसं नव्हतं. "तेला समजलं," एवढंच ते नंतर समाधानानं म्हणाले.

मास्तरांनी पुढच्या गोष्टीसाठी कुणाला बोलायला लावलं नाही. स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच चौकट उतरवली. मांजरपाट सोडवून गुंडाळला. शाळेत चित्रही नाही आणि चित्रकारही नाही, मग मंजुरी कशावरून अडवणार? त्यांनी वकिलांपुढं राजीनामा ठेवला आणि अमिनाला म्हणाले, "साब, ये मेरे साथ जाने दो. स्कूल में नहीं रहेगा." अमीनसाहेब उत्तर न देता पाठ फिरवून बाहेर गेले. तीच परवानगी. शाळा वाचली. मी भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणालो, "मास्तर, तुम्ही लढायला हवं होतं." ते म्हणाले, "आईला घिऊन कुटं लढू, पत्रकवाले?" आणि गेले.

त्यानंतर आमची कामं वाढली. माझी नोकरी सुटली, आणि एका वर्षी हिवाळा सरता सरता मी लातुरात होतो. अंगरख्याच्या आत कागद होते आणि कुणाशी फार बोलायचं नव्हतं. गंजाच्या बाजारपेठेतून जाताना एका चहाच्या दुकानाच्या पाटीवर नजर गेली. पाटीवर कपबशी असते. इथं कपबशीमागं एक म्हातारी होती, बसक्या नाकाची, काळी. पुढं तंबाखूच्या दुकानावर दुसरी, गोरी, सरळ नाकाची. दोऱ्याच्या दुकानावर तिसरी, हनुवटीवर गोंदण. सगळ्या समोर बघणाऱ्या.

मी दोऱ्यावाल्याला विचारलं, "ही म्हातारी कुणाची?"

"काय ठाऊक! व्यंकटमास्तरनी काढली. नुसतं दोऱ्याचं रीळ काढा म्हनलं तर ऐकंना. म्हनला, बाई काढू दिली तरच पाटी करतो." मग हसून म्हणाला, "पर गिऱ्हाइकं थांबत्यात बगा. म्हनत्यात, ही आमच्या आत्यावानी दिसती."

"मास्तर कुठं भेटतील?"

"आज बाजार हाय. बायकांची तोंडं बघत हिंडत आसंल. एक दिस मार खानार हाय त्यो."

मास्तर मला भाजीबाजाराच्या टोकाला दिसले. मी लांबच थांबलो. बाजारात शिपाई होते आणि माझ्यामुळे त्यांना ताप नको होता. टोपी तीच, पाठ अजून वाकलेली. हरभऱ्याचे ढाळे विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईसमोर ते उकिडवे बसले होते, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद.

"आजी, जरा उजेडाकडं तोंड करा."

"का रं बाबा? ढाळं घ्यायचं तर घे, न्हाई तर वाट सोड. गिऱ्हाईक आडतंय माजं."

"घेतो की. ह्ये बगा, दोन जुड्या घेतल्या. आता तरी बगा."

"मेल्या, सत्तर वर्सात कुणी माजं तोंड बघितलं न्हाई आन् तू आता कुटनं आलास?" शेजारच्या बायका खो खो हसल्या. म्हातारीनंही हसत त्यांना ढाळ्यानं मारलं. मग तिनं तोंडावरचा घाम पुसला, डोईवरचा पदर मागं सारला, आणि उन्हाकडं वळून डोळे किलकिले करून विचारलं, "आसं का?"